कावळ्याची कॅसेट

माझा भाऊ कुंडलिक व्हिडिओ शूटिंग करायचा, पण लग्नाचं काम त्याला कधी कुणी दिलं नाही. पंगतीला बोलवत आणि वर बजावत, कॅमेरा तेवढा घरी ठेव. माझ्या लेकीच्या, मानसीच्या हळदीला माझ्या सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठून हेच बजावलं. मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. मग कुंडलिकला फोन केला, तर तो आधी दोनदा खाकरला आणि म्हणाला, "काय ना उत्तरा, मी आणणारच नव्हतो. तू उगाच डोकं तापवून घेऊ नको."

ही त्याची लकब. आधी खाकरणं, मग 'काय ना', मग मुद्दा. चाळीत पाठीमागून आवाज आला तरी लोकांना कळायचं, कुंडलिक आला. आणि बरेच जण तेवढ्यावर आत निघून जायचे.

कारण कुंडलिक मयताचं शूटिंग करायचा. तोंड वाकडं करू नका. आता मोबाईलवर कुठलंही कुठे दिसतं, तेव्हा दिसत नव्हतं. घाटकोपर-भांडुपच्या आमच्या कोकणी चाळींत घरटी एक पोरगा आखातात नाहीतर बोटीवर असायचा. इकडे बाप गेला तरी तिकडचा मालक सोडायचा नाही. भटवाडीत आमच्या चाळीतले एक आजोबा वारले, तेव्हा त्यांच्या मस्कतच्या मुलाने फोनवर रडत कुंडलिकला सांगितलं, मला निदान दाखव रे. कुंडलिककडे नवाच, छोट्या कॅसेटचा कॅमेरा होता. बारशी करायचा, गणपती करायचा. त्याने आजोबांचं सगळं टिपलं, घरातून निघाल्यापासून दहाव्याला कावळा शिवेपर्यंत. मस्कतच्या मुलाने ते पाहिलं आणि म्हणे पहिल्यांदा पोटभर रडला. झालं. कुंडलिकला त्याच कामाची बोलावणी येऊ लागली आणि बारशी बंद झाली.

काम मात्र तो फार जपून करायचा. चेहऱ्यावर झूम करायचा नाही. कायम पायाशी उभा राहायचा. रडणाऱ्या बाईच्या तोंडासमोर कॅमेरा धरायचा नाही, तिच्या पाठीमागून जायचा. दुसरे शूटिंगवाले एकच कॅसेट पुसून पुसून वापरत, ते याने कधी केलं नाही. मयताची कॅसेट पुसायची नाही, हा त्याचा नेम. खाटेखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्याने त्या सगळ्या नावं घालून ठेवल्या होत्या. चाळीतल्या आया मुलांना त्या खाटेवर बसू देत नसत. एकदा मुलगी सांगून आली, तिच्या बापाने ट्रंकेत काय आहे म्हणून विचारलं, आणि या गाढवाने उघडून दाखवलं. लग्न राहिलं ते राहिलंच. मला त्याचा राग यायचा आणि रडूही यायचं. एवढा सरळ माणूस, आणि लोक त्याला बघून रस्ता बदलत.

एका बाईने मात्र त्याच्यासाठी दार कायम उघडं ठेवलं, आणि तीच माझ्या डोळ्यांत खुपायची. रुक्मिणीकाकी. आमच्या खोलीपासून दोन दारं सोडून राहायच्या, मूळच्या कुडाळकडच्या. नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा सर्वेश, मरोळला एमआयडीसीत कामाला. मुंबई बुडाली त्या वर्षी, पाणी ओसरल्यावर जो ताप आला तो माय-लेकांना एकदमच आला. काकी हॉस्पिटलात शुद्धीवर आल्या तेव्हा सर्वेशचं दहावंही होऊन गेलं होतं. त्यांनी मुलाचं काहीच पाहिलं नाही. पाहिली ती कुंडलिकने करून दिलेली सीडी.

त्या सीडीत काय आहे ते अख्ख्या चाळीला पाठ होतं, कारण काकी येईल-जाईल त्याला ती लावून दाखवायच्या. पिंड मांडलेला आहे. कावळा भिंतीवर बसून नुसती मान वाकडी करतोय, खाली येत नाही. माणसं हात जोडून एकेक बोलतात, तुझी गाडी विकणार नाही, तुझ्या मित्राला कामाला लावू. शेवटी सर्वेशचे काका दशरथ पुढे होतात आणि म्हणतात, वहिनीला आम्ही सांभाळू, तिची काळजी करू नको. आणि कावळा झेप घेऊन पिंडाला शिवतो. काकी तिथे सीडी थांबवायच्या. "बघलंस गो? माज्यासाठीच अडाकलेलो," म्हणायच्या आणि हसायच्या. मुलगा गेलेल्या बाईला तसं हसताना मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

दशरथनी त्यांना आपल्या खोलीत नेलं. दिराने शब्द पाळला म्हणून उपकार मानत वीस वर्षं त्यांनी त्या घरची धुणी-भांडी केली. सांभाळलं खरं कुंडलिकने. चष्मा, दातांची कवळी, बीपीच्या गोळ्या, गुडघ्याचा एक्स-रे, सगळं त्याच्याकडे. इकडे नाहूरला माझ्या फ्लॅटमध्ये मी त्याच्यासाठी आतली खोली रिकामी ठेवलेली. माझे यजमान गेले, मानसी लग्न होऊन बंगलोरला गेली, तेव्हापासून तर मी ये ये म्हणून त्याचा जीव खाल्ला. दरवेळी खाकरून तेच. "काय ना, काकींचं बघायला कुणी नाही."

गेल्या वर्षी चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरलं आणि सगळ्यांना खोल्या सोडायला सांगितल्या. दशरथ वारले होते. त्यांचा मुलगा हर्षद बदलापूरला चालला होता. त्याने काकींना तोंडावर सांगितलं, तिकडे जागा नाही, तुझ्यासाठी आश्रम बघतो. त्यावर आमचे बंधुराज म्हणाले, मी भाड्याने खोली घेतो आणि काकींना माझ्याकडे ठेवतो. साठीला आलेला, स्वतःचेच गुडघे गेलेला बाप्या! मी त्याला फोनवर झाडलं. अरे, ती तुझी कोण? लोकांनी तुला लग्नात उभं केलं नाही, आणि तू लोकांच्या म्हाताऱ्या सांभाळणार? मला माझा भाऊ माझ्या घरात हवा होता. एकटीने जेवायचा मला कंटाळा आला होता. यात माझी चूक असेल तर असो.

त्यातच काकींनी नवीन काढलं. त्यांची सीडी खराब झालेली, लावली की नुसती घरघरायची. त्या कुंडलिकला म्हणाल्या, "तो कावळो माका मोबाईलात घालून दी. आश्रमात व्हरान टाकल्यानी तरी उशाकडे रवतलो." नेऊन टाकलं तरी निदान तो उशाशी राहील म्हणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुंडलिक माझ्या दारात उभा. हातात कॅमेऱ्याची बॅग, बगलेत दोन कॅसेटी कापडात गुंडाळलेल्या, चेहरा पांढराफटक. चहा समोर ठेवला तरी घेईना.

"काय ना उत्तरा," तो म्हणाला, "काकींच्या सीडीतला कावळा खोटा आहे."

सर्वेशचा कावळा शिवलाच नव्हता. दशरथनी काकींना सांभाळायचं वचन दिलं, तरीही नाही. ऊन डोक्यावर आलं, भटजी घाईला आले, शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे उठले. संध्याकाळी दशरथ कुंडलिककडे आले. वहिनी हे बघून वेडी होईल, काहीतरी कर, म्हणाले. कुंडलिकने दुसऱ्याच कुणाच्या तरी दहाव्याचा कावळा कापून दशरथच्या बोलण्यापुढे चिकटवला. भिंत तीच, कट्टा तोच. कुणाला कळलं नाही.

मला हे ऐकून काय वाटलं ते सांगते. मला बरं वाटलं. म्हणजे हा वीस वर्षं त्या एका लबाडीपायी काकींच्या पाया पडतोय, प्रायश्चित्त घेतोय, असं मी समजले. मग काम सोपं होतं.

"खरं सांगून टाक," मी म्हटलं. "त्यांना आवडो न आवडो. सांग आणि मोकळा हो, आणि इकडे राहायला ये."

"खरं कळलं तर ती बाई जगायची नाही गं. ती त्या कावळ्यावर जगतेय."

"मग काय, परत खोटा चिकटवणार?"

तेवढ्यासाठीच तो दोन्ही कॅसेटी घेऊन आला होता, एक सर्वेशची आणि एक उसन्या कावळ्याची. जोडून दिलेल्या सीडीची दुसरी प्रत त्याच्याकडे नव्हती. होत्या त्या कच्च्या कॅसेटी. त्या पुन्हा कॉम्प्युटरवर उतरवायच्या आणि तीच कापाकापी पुन्हा करायची. तसला कॉम्प्युटर आता उरला होता तो एकच, मानसीचा, माझ्या आतल्या खोलीत. त्याला मागे कॅमेऱ्याची केबल लावायची जागा होती, कुंडलिकनेच कधीतरी बसवून दिलेली.

हे काम पेनड्राईव्हसारखं नाही. कॅमेऱ्यात कॅसेट घालायची, कॅमेरा केबलने जोडायचा, आणि कॅसेट जेवढी लांब तेवढा वेळ समोर बसायचं. पुढे ढकलता येत नाही. मयत जेवढा वेळ चाललं तेवढा वेळ ते पुन्हा चालतं. कुंडलिकने पहिली कॅसेट कपाळाला लावली आणि आत सरकवली. कॅमेरा कण्हल्यासारखा आवाज करून सुरू झाला.

आधी उसना कावळा. चित्र स्वच्छ होतं. पत्रावळ, फुलं, माणसांचे पाय, कुणीतरी म्हणतंय, धाकटीचं लग्न वेळेत लावू. कावळा भिंतीवरून उडाला आणि पडद्याचे चौकोन चौकोन झाले, आवाज गेला. चित्र परत आलं तेव्हा कावळा निघून गेला होता आणि माणसं हात जोडून उठत होती. कुंडलिकने कॅमेऱ्याचं हेड पुसलं, कॅसेट मागे घेतली, पुन्हा लावली. पुन्हा तेच. मागचं पुढचं सगळं लख्ख, तेवढाच तुकडा फुटायचा.

"बुरशी," कुंडलिक म्हणाला.

बुरशीला कावळा कसा ओळखू येतो, ते मी विचारलं नाही.

आणखी एक झालं. कॅसेटमधले कावळे ओरडले तसे माझ्या खिडकीच्या ग्रिलवर खरे कावळे येऊन बसले. आवाज ऐकून आले असणार, दुसरं काय. पण ते ओरडत नव्हते. ओळीने बसून आत बघत होते. मी फडकं मारून हुसकावलं, तर शेजारच्या ग्रिलवर जाऊन बसले. भर दुपारी मी खिडकी लावून घेतली आणि ट्यूब लावली.

"आता खोटा कावळा पण नाही," मी म्हटलं. "देवानेच निकाल दिला. सर्वेशची लाव, बघू, आणि उद्या जाऊन काकींना खरं सांगू. मी येते बरोबर."

त्याने सर्वेशची कॅसेट लावली. पिंड, कट्टा, तीच भिंत. दशरथ पुढे झाले, वहिनीला आम्ही सांभाळू म्हणाले, आणि मी वाट बघत बसले, इतक्यांदा पाहिलेला तो कावळा आता उडेल म्हणून. तो हललाही नाही. दशरथकडे बघत बसला. मग भटजींनी दर्भ लावला, माणसं उठली, चपला शोधू लागली.

"इथवरच उतरवलं होतं मी," कुंडलिक म्हणाला. "पुढचं कधी बघितलं नाही. तेव्हाच्या कॉम्प्युटरमध्ये जागा कुठे होती. कॅमेरा स्टँडवर चालूच राहिला आणि मी पाय धुवायला गेलो."

"राहू दे चालू," मी म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.

सगळे गेले. पडद्यावर पिंड, भिंत, आणि भिंतीपलीकडे कोपऱ्यात नळ. तिथे कुंडलिक येऊन उभा राहिला. पँट दुमडलेली, चौकड्याचा शर्ट, आमच्याकडे पाठ. केस काळेभोर. वाकून टाच घासू लागला.

"किती बारीक होतास रे," मी म्हणाले.

तेवढ्यात कुणीतरी खाकरलं. दोनदा. अगदी माइकजवळ.

मी कुंडलिककडे पाहिलं. माझ्या शेजारी बसलेला कुंडलिक खाकरला नव्हता. पडद्यातला नळावर होता, पाठमोरा, दुसरी टाच घासत.

"काय ना सर्वेश," स्पीकरमधून माझ्या भावाचा आवाज आला, "तू जा आता. आयेकडे मी बघतो."

कावळ्याने मान सरळ केली. भिंतीवरून टुणकन कट्ट्यावर आला, चालत पिंडापाशी गेला आणि शांतपणे शिवला. घाई नाही. एक घास घेतला, चोच पुसली आणि वर पाहिलं. कॅमेऱ्याकडे नाही. कॅमेऱ्याच्या थोडं बाजूला, माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर. मग उडून गेला. मागे कुंडलिकने नळ बंद केला, पायांचं पाणी झटकत तो कॅमेऱ्याकडे आला आणि पडदा निळा झाला.

आम्ही ते पुन्हा लावलं. मी घाबरले होते, ते कबूल करते. पुन्हा तेच दोन खाकरे, तोच आवाज, आणि मागे तोच पाठमोरा माणूस.

"नंतर कधीतरी आवाज भरला असशील," मी म्हटलं. "विसरलास."

"कच्ची कॅसेट आहे ही. नंतर काही भरता येत नाही यात." तो हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. घाबरलेला मुळीच दिसत नव्हता. बऱ्याच वर्षांचं कोडं सुटावं तसा दिसत होता. "मला नेहमी वाटायचं गं, काहीतरी राहिलंय. दुसरीकडे कुठे राहायला जायचं मनात आलं की पाय उचलायचा नाही. मला वाटायचं लबाडी केली म्हणून असेल. पण तसं नव्हतं. मी शब्द दिलाय."

"तू नळावर आहेस, कुंडलिक! मला दिसतोयस!"

"आवाज माझाच आहे ना?"

मी म्हटलं, आवाज काढून टाक, नुसता कावळा दे काकींना, त्या खूश होतील आणि हे आपल्यातच राहील. मला त्यांनी ते वाक्य ऐकायला नको होतं. ते ऐकलं की माझा भाऊ गेलाच. पण तो म्हणाला, एकदा कापलं तेवढं पुरे.

दोन-तीन दिवसांनी त्याने काकींना रिक्षाने माझ्याकडे आणलं. मोबाईलच्या एवढ्याशा पडद्यावर त्यांना दिसत नव्हतं, म्हणून आधी मोठ्यावर दाखवायचं. खुर्चीत बसल्या तर पाय जमिनीला टेकत नव्हते. मी खाली पाट सरकवला. एवढी ही बाई, आणि हिच्याशी मी वीस वर्षं मनातल्या मनात भांडत होते.

कुंडलिकने आधी खरं सांगितलं. दशरथच्या शब्दावर कावळा आला नव्हता, जो पाहिला तो दुसऱ्याचा होता. मला वाटलं, आता ही बाई खुर्चीतच कोसळणार. काकी आपल्या हातांकडे बघत बसल्या. भांडी घासून घासून त्यांच्या बोटांची कातडी पार गेलेली.

"म्हणजे भावोजींच्या शब्दार नाय गेलो तो," त्या म्हणाल्या. "शाणो."

मग कुंडलिकने कॅसेटचा शेवट लावला. काकी पुढे वाकल्या. खाकरणं आलं, आवाज आला, कावळा शिवला. मी त्यांच्याकडे बघत होते, हसतील म्हणून. त्या हसल्या नाहीत.

"परत लाव," म्हणाल्या. या वेळी त्यांनी डोळे मिटून घेतले आणि नुसतं ऐकलं. मग डोळे उघडून पडद्यावर नळाकडे बोट केलं. "कुंडल्या, तू थंय आसस."

"हो काकी."

"मगे हंय कोण बोलता?"

"मीच, काकी. कसं ते मला ठाऊक नाही. पण आवाज माझा आहे आणि शब्द माझा आहे. तुम्ही आश्रमात जायचं नाही. मी खोली बघितलीय."

"खुळो की काय?" काकी म्हणाल्या. "तू माका काकी म्हणतंस. आये म्हणणारो एकच होतो."



"माजो सर्वेश घरात तुझी नक्कल करायचो," काकी सांगू लागल्या. "असोच खाकरायचो, असोच 'काय ना' म्हणायचो. माका हसान हसान ठसको लागायचो. मगे मीच शपथ घातलेली. म्हटलं, मयताचा काम करणाऱ्या माणसाची थट्टा करू नको, भायर तर करूच नको. तुका कोणी सांगूक नाय."

मला ते कळायला जरा वेळ लागला. आणि कळलं तशी मी कॉम्प्युटरचा स्पीकर बंद केला, कारण कॅसेट अजून चालू होती आणि त्यातून पुन्हा काही ऐकू येईल अशी मला भीती वाटली. सगळी भावकी हात जोडून उभी होती आणि त्या पोराला एकाचाही भरवसा वाटला नव्हता. म्हणून त्याने स्वतःच स्वतःला वचन दिलं, माझ्या भावाच्या तोंडाने, आणि निघून गेला. आणि माझा भाऊ ते पाळत बसला. स्वतःचं घर नाही, बहिणीकडे येणं नाही.

"अरे, मग तू मोकळा आहेस!" मी ओरडलेच. "तू काहीच बोललेला नाहीस! त्या पोराने फसवलं तुला!"

"व्हय," काकी म्हणाल्या. त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. "माज्या पोरान तुका फसवल्यान रे. तू सुटलंस. हंयच रव भयणीकडे. माजा काय, हर्षद व्हरात खंयतरी." टेबलाला धरून त्या उठल्या आणि दाराकडे चालू लागल्या.

मला शरम वाटायला हवी होती, पण मला फक्त आनंद झाला. मी कुंडलिककडे बघत राहिले. आता तो दोनदा खाकरेल, 'काय ना' म्हणेल, मग काय ते ठरेल. तो उठला, काकींच्या आधी दारापाशी गेला, दुखऱ्या गुडघ्यांवर खाली बसला आणि त्यांच्या चपला सरळ करून पायाशी सरकवल्या.

"सावकाश, आये," तो म्हणाला. "उंबरो आसा थंय."

खाकरला नाही. आणि मालवणी तर आमच्या घरात बाबांनंतर कुणी बोललेलं नव्हतं. कुंडलिकला ती कधी जमली नाही, लहानपणी बाबा त्यावरून त्याला चिडवायचे.

"व्हय रे," म्हणत काकींनी त्याच्या खांद्यावर हात टेकला, रोजचाच आधार असल्यासारखा, आणि चपलेत पाय घातला. तो काय बोलला हे त्या दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

माझ्या आलं. मी म्हणाले, थांबा. कुठे जाताय? भाड्याची खोली नको आणि आश्रम नको. माझं घर आहे. दोघंही या.

टेम्पोवाल्याला मीच फोन केला आणि दोघांचं सामान सांगितलं. आता काकी आतल्या खोलीत झोपतात आणि कुंडलिक बाहेर दिवाणावर. मला एकटीने जेवावं लागत नाही. सकाळी मी ओट्याशी असते तेव्हा माझ्या पाठीमागून, अगदी जवळून, कुणीतरी काकींना 'आये' म्हणून हाक मारतं. मी पोळ्या लाटत राहते. मागे वळून बघत नाही.